कापमावीची मूठ

आमच्याकडे भात चढवण्याआधी बाई एक मूठ तांदूळ बाजूला काढते. धुण्याआधी, कोरडे. ते देवाच्या डब्यात जातात. दर शनिवारी चर्चच्या महिला मंडळातल्या दोघी घरोघर फिरून हे डबे पोत्यात रिकामे करतात आणि त्या तांदळावर चर्चची अर्धी कामं चालतात. मिझोरामच्या डोंगरात रस्ता नसलेलं गाव सापडेल, हा डबा नसलेलं घर सापडायचं नाही.

एकोणतीस वर्षं मी ते पोतं फिरवलं. शाळेतून निवृत्त झाले, पोत्यातून नाही. इतकी वर्षं लोकांच्या डब्यांत डोकावल्यावर माणसाला काही गोष्टी न सांगता कळतात. डबा जड लागला की त्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते. हलका लागला की एका वेळेवर आलेत, नाहीतर बाई आजारी आहे आणि नवरा रांधतोय. पुरुषांना मूठ काढायची आठवण राहत नाही. कुणाच्या घरी काय चाललंय हे मला पाद्रीसाहेबांच्या आधी कळायचं, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

या एकोणतीस वर्षांतली अकरा वर्षं मी एका घरावरून पोतं घेऊन सरळ पुढे गेले. पाण्याच्या टाकीखालच्या उतारावर, लाकडी खांबांवर उभं असलेलं बांबूच्या भिंतींचं ते घर कापमावीचं. मी तिच्याबद्दल लिहायला बसले आहे. त्यात माझं वागणं चांगलं दिसणार नाही. त्याला इलाज नाही.

कापमावी ठेंगणी, रुंद खांद्यांची, तोंडाची तिखट. तिला मूल नव्हतं. नवरा रोतलिंगा लाकडं तोडायचा, ती डोंगरउतारावरच्या शेतात राबायची, आणि घरामागे झाकून तांदळाची दारू गाळून विकायची. दारूला राज्यात बंदी, चर्चमध्ये त्याहून मोठी बंदी, आणि तिची विक्री दोन्हींच्या नाकाखाली व्यवस्थित चालू. सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं, कारण माझा धाकटा भाऊ सेलथुआमा तिच्याकडे जायचा. तो लाकडाचा ट्रक चालवायचा.

ज्या दुपारी तो गेला त्या दुपारी तो तिच्याकडे पिऊन उठला आणि ट्रक घेऊन निघाला. रोतलिंगा शेजारी बसला. तिसऱ्या वळणावर ट्रक दरीत गेला. आमच्या तरुणांनी दोरानं दोघांना वर काढलं. दोन खड्डे एकाच दिवशी खणले.

भावाच्या दफनाला चर्चचे वडील, म्हणजे आमचे 'उपा', दारखूमा बोलले. मेहनती होता म्हणाले, चर्चचं छप्पर घालायला स्वतःचा ट्रक दिला म्हणाले. दोन्ही खरं. तो काय पिऊन गाडीत बसला होता, ते कुणी बोललं नाही. मीही नाही. आमच्या गावात मेलेल्याचे दोष त्याच्याबरोबरच पुरतात, आणि जो जिवंत उरतो त्याच्या दारात ते पुन्हा उगवतात. इथे उरली होती कापमावी.

पुढच्याच रविवारी ती चर्चमध्ये आपणहून उभी राहिली. तिला कुणी उठवलं नव्हतं.

"दारू मी विकत होते," ती म्हणाली. "आता विकणार नाही. भट्टी फोडली."

उपा दारखूमांनी तिला रीतीप्रमाणे विचारलं, "आणि पिणं?"

"पिते."

"सोडलंस म्हण."

"सोडलं तर म्हणेन."

बायकांच्या बाकांवर कुजबुज झाली. तिचं नाव चर्चच्या सभासदांच्या यादीतून कमी झालं. आमच्यात असं नाव कमी झालं की माणूस चर्चला येऊ शकतो, पण मागच्या बाकावर बसतो, आणि प्रभुभोजनाची भाकर त्याच्यापर्यंत येत नाही. परत यायची वाट सोपी असते. काही महिने नीट वागायचं, उभं राहून 'सोडलं' म्हणायचं, लोक हात वर करतात, संपलं. अर्ध्या गावानं हे कधी ना कधी केलंय. काहींनी तर सोमवारी पुन्हा बाटली धरली. कुणी त्यांच्यामागे लागलं नाही.

पुढच्या शनिवारी मी आणि तिची शेजारीण बिआकी पोतं घेऊन तिच्या दारात गेलो. डबा तिनं उंबऱ्यावर आणून ठेवलाच होता. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर रंग उडालेला राजहंस.

मी तो उचलला नाही.

"याच तांदळाची दारू गाळलीस," मी म्हटलं. "अर्धे भट्टीत घातलेस, अर्धे देवाला. आमच्या पोत्यात नकोत."

"पी, भट्टी फोडली मी." आमच्याकडे मोठ्या बाईला 'पी' म्हणतात. मी तेव्हा साठीचीही नव्हते, पण शाळेत शिकवायचे म्हणून सगळ्या गावाची पी झाले होते.

"भट्टी फोडलीस. माझा भाऊ जोडून दे."

मला थोरली बहीण मानून 'ऊ' म्हणणारी बिआकी म्हणाली, "जाऊ दे ना, ऊ, मूठभर तांदूळ तर आहेत."

"तुला उचलायचे असतील तर तू उचल, मग पोतंही तूच ने," मी म्हटलं. बिआकी गप्प बसली. मी कॉलेजात शिकलेली, भाषण करायची सवय असलेली बाई. माझ्यापुढे गप्पच बसायचे लोक.

कापमावीनं डबा उचलून पोटाशी धरला आणि आत गेली. मी पुढच्या घरी गेले. तिथला डबा नेहमीपेक्षा हलका होता, हे मला अजून आठवतं.

अकरा वर्षं. दर रविवारी ती मागच्या बाकावर, भिंतीच्या टोकाला. गाणी सगळ्यांबरोबर म्हणायची, आवाज घोगरा पण सुराला पक्का. भाकरीचं ताट पुढच्या बाकांवरून फिरायचं आणि तिच्या अलीकडे थांबायचं, तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघायची. कधी दारूचा वास यायचा, आणि शेजारची बाई नाक मुरडून सरकायची. एकदा अशीच एक बाई सरकली तेव्हा कापमावी मोठ्यानं म्हणाली, "सरक, सरक, तुझ्या नवऱ्याच्या अंगालाही हाच वास येतो, तिथून कुठे सरकतेस?" पुढच्या चार बाकांवर हसू दाबलं गेलं. मी हसले नाही. तोंडानं तरी नाही.

मजुरी करून पोट भरायची. आल्याच्या हंगामात बायकांच्या रांगेत बसून आलं खरवडायची, तिच्याइतकं भराभर कुणाला जमायचं नाही. लग्नात डुकराचं मांस कापायला, सरपण वाहायला, कुणी अंथरुणावर पडलं तर पाठ चोळायला तिला बोलवायचे. कामाला चालायची, भाकरीला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

मग तिचं पोट फुगायला लागलं. पाय सुजले, डोळे पिवळे झाले. जिल्ह्याच्या दवाखान्यातून परत आली तेव्हा तिला पाठीवर घालून आणावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी ठेवा. सगळ्यांना अर्थ कळला.

आजाऱ्याला भेटायचं महिला मंडळाचं काम. त्यात यादीतलं नि यादीबाहेरचं असा फरक नाही, आणि पाळी माझी होती. चुकवता आली असती. एक आठवडा चुकवलीही. दुसऱ्या आठवड्यात बिआकी दारात येऊन उभी राहिली.

"ऊ, येतेस की मी एकटी जाऊ?"

"गुडघा दुखतोय."

"गुडघा की नाक?"

मी चपला घातल्या.

ती चुलीजवळ चटईवर होती. पोट ढोलासारखं, हात काड्यांसारखे. मला बघून म्हणाली, "अगं बाई, पी झोवी! म्हणजे खरंच मरतेय मी."

"मुकाट पडून राहा," मी म्हटलं.

"पडलेच आहे. बिआकी, पीला गुळाचा खडा दे चहाबरोबर. बिनगुळाचा चहा पिऊन ती अजून कडू व्हायची."

बिआकीनं चहा येताना स्वतःच्या घरून आणला होता, कारण कापमावीची चूल थंड होती. मी सवयीनं बघितलं. राख जुनी, वर कोळ्याचं जाळं. पंधरवडाभर तरी पेटली नसावी. पेज बिआकीच्या घरून यायची. आणि चुलीच्या बाजूला तो राजहंसाचा डबा होता. मी वरचा दगड काढून झाकण उघडलं. का उघडलं माहीत नाही, इतक्या वर्षांची खोड.

डबा काठोकाठ भरलेला.

मला हिशेब लागेना. चूल पेटत नाही, मग मूठ कशातून काढते ही? मी तिच्याकडे बघितलं.

"रोज काढते," ती म्हणाली. "दोन वेळा. भात शिजत नाही, पण वेळ तर होते ना. ते बघ, पोतडीत तांदूळ आहेत. हात पोचतो तिथवर."

"आणि इतकी वर्षं? भरलेल्या डब्याचं काय करायचीस?"

कापमावीनं बिआकीकडे बघितलं. बिआकीनं चहाच्या भांड्याकडे.

"तिच्या कोंबड्यांना," कापमावी म्हणाली. "टाकायचे तरी कुठे? गावात सगळ्यात जाड कोंबड्या कुणाच्या, पी?"

बिआकीच्या. आणि नाताळच्या सामुदायिक जेवणाला दरवर्षी सगळ्यात आधी दोन कोंबड्या कोण द्यायचं? बिआकी.

"अकरा नाताळ खाल्लेत तुम्ही माझे तांदूळ," कापमावी म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकल्याबरोबर रक्त. बिआकीनं फडक्यानं पुसलं.

मी विचारलं, "मग चालूच का ठेवलंस? कुणी घेत नव्हतं."

तिनं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी सलग लिहिते.

"पहिली चार वर्षं मी लाच म्हणून काढायचे. वाटायचं, इतके डबे भरले की देव म्हणेल, बरं, ये आत. रोज सकाळी उठले की स्वतःला म्हणायचे, सटवे, अजून मेली नाहीस का. मग मूठ काढायचे. मग प्यायचे. एकदा रस्ता बंद होता, घरात वाटीभर तांदूळ उरलेले, आणि मी झिंगलेली. बघते तर वाटीतली मूठ डब्यात गेलेली. उरलेल्यात एका माणसाचं काय होणार? मला हसूच फुटलं. म्हटलं, देवा, या असल्या मुठीचं तू करतोस काय? आणि पी, तेव्हा मला कळलं. डबा भरायची वाट बघत तो बाहेर उभा नाही. आत येऊन बसलाय. माझ्या तोंडाला वास येतोय आणि तो सरकत नाही. तुमच्या बाकावरच्या बायका सरकतात, तो नाही."

"मग दारू का नाही सोडलीस?"

"सोडली की. किती वेळा सोडली! पुन्हा धरली. मला वाटलं होतं, तो बसलाय म्हटल्यावर हात थरथरायचे थांबतील. नाही थांबले. पण सकाळी उठून स्वतःला शिव्या द्यायचं सुटलं. ज्याला तो सोडून जात नाही त्याला मी कोण सटवी म्हणणार? त्या दिवसापासूनची मूठ नुसती मूठ आहे. घरात पाहुणा असला की आधी त्यालाच वाढतो ना आपण, तशी."

मी पाद्रीसाहेबांचे मोजता येणार नाहीत इतके उपदेश ऐकलेत. त्यातले निम्मे मला पाठ आहेत. मी त्या चटईपाशी बसून राहिले आणि मला एकही आठवला नाही.

तेवढ्यात उपा दारखूमा आले. ते वाईट माणूस नव्हेत. वाकून आत आले, टोपी काढली, खाली बसले.

"मावी, पाद्रीसाहेब प्रभुभोजन द्यायला तीन आठवड्यांनी येतायत. तोवर... तू नुसतं 'सोडलं' म्हण. मी आज यादीत नाव घालतो, रविवारी लोक हात वर करतील. चर्चमधली म्हणून जाशील."

"काय सोडलं, उपा?"

"दारू. महिनाभर घेतली नाहीस तू."

"पोटात राहत नाही म्हणून. मी नाही सोडली, तिनं मला सोडलं."

"तेवढं चालतं."

"दोन माणसं घालवली मी. त्यावर आता खोटं कशाला? थोडं थांबा, मग लिहा, सोडली म्हणून. शंभर टक्के खरं होईल." मग म्हणाली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. भाकरी मिळाली असती तर आवडलं असतं मला. फार आवडलं असतं. पण मी काही बाहेर नाही. एवढंच की तुमच्या यादीत नाही."

उपांनी प्रार्थना केली आणि गेले. दारात त्यांनी डोळे पुसले असावेत. मी बघितलं नाही.

ते गेल्यावर तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "पी, आज शनिवार आहे ना?"

होता. पोतं मी बाहेर जिन्याला टेकवून आत आले होते.

"नेशील?"

मला ताबडतोब हो म्हणता आलं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तिच्या बोलण्यानं मी विरघळले. मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?"

तिनं डोळे मिटले. "दोघं बसले होते. सेलथुआमाला जास्त झाली होती. मला दिसत होतं. थांब, झोप इथेच, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. मला भांडी घासायची होती, शेतावर जायचं होतं. दोघं एकदाचे घराबाहेर पडावेत असं झालं होतं. मीच म्हटलं, निघा आता."

बिआकी बाहेर निघून गेली. अकरा वर्षं मला हेच ऐकायचं होतं, की चूक तिची. आता ते तिच्याच तोंडून आलं तर त्याचं काय करावं मला कळेना.

"किल्ली त्याच्या हातात होती," मी शेवटी म्हटलं. "चाळिशीचा बाप्या होता. त्याच्या घशात कुणी ओतली नव्हती." भावाबद्दल एवढं मी कधी आरशासमोरही बोलले नव्हते. "आण तो डबा."

"तूच उचल. माझ्यानं नाही उचलत." मग म्हणाली, "थांब, आजची राहिलीय."

तिनं पोतडीत हात घातला. निम्मे दाणे चटईवर सांडले. डब्यात पडले ते पाच-पंचवीस असतील. मी सांडलेले वेचून टाकायला लागले तर म्हणाली, "राहू दे, उंदरांना लागतात. उंदीर फार आहेत इथे. रोज डब्यावर दगड ठेवते मी."

मी डबा पोत्यात उपडा केला. रिकामा डबा तिच्याजवळ ठेवला. ती त्याच्यावर हात ठेवून पडून राहिली.

"बिआकीच्या कोंबड्या आता उपाशी," ती म्हणाली.

चर्चच्या मागच्या खोलीत बायका तांदूळ मोठ्या पेटीत ओतत होत्या. मी पोतं ओतलं आणि सांगितलं, "यात कापमावीचे आहेत. कुणाची हरकत असेल तर वेगळे करून दाखवा." कुणी पुढे आलं नाही. एक म्हातारी पेटीत हात घालून दाणे खालीवर करत राहिली, मग तिनंच झाकण लावलं.

कापमावी मंगळवारी सकाळी गेली. पाद्रीसाहेब यायला अजून अडीच आठवडे होते. यादीत नसलेल्याच्या दफनाला आमच्याकडे चर्चच्या वतीनं कुणी बोलत नाही. बाकी सगळं होतं. तरुणांनी खड्डा खणला, लोकांनी पुआन, म्हणजे आमची विणलेली वस्त्रं, आणून तिच्यावर पांघरली, ढोल वाजला, गाणी झाली. भावाच्या वेळी उपा किती छान बोलले होते, ते आठवून मला बसवेना. मी उठून आत बायकांमध्ये गेले.

दुःखाच्या घरी प्रत्येक घरून तांदूळ येतात, आणि आलेल्यांसाठी मांस घालून मोठ्या पातेल्यात पेज शिजते. कितीतरी दिवसांनी तिची चूल पेटली होती. बिआकीनं तांदूळ परातीत ओतले आणि पाण्याचं भांडं उचललं.

"थांब," मी म्हटलं.

परातीतून मी एक मूठ काढली. डबा होता तिथेच होता, चुलीच्या बाजूला, आत त्या तीन दिवसांचे थोडे दाणे. मी मूठ त्यात टाकली. बायका बघत होत्या. मग बिआकीनंही एक टाकली. मग ती नाक मुरडून सरकणारी पुढे आली, तिनंही.

उपा दारखूमा सरपण घेऊन आत आले आणि डब्याकडे बघत उभे राहिले.

"हे कुणाचे, पी?"

"कापमावीचे."

मला वाटलं, ते नियम काढतील. मी तयार होते, चांगली तयार होते. त्यांनी सरपण खाली ठेवलं.

"मग त्यावर दगड ठेवा," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत उंदीर ठेवायचे नाहीत."

बिआकीनं तांदळात पाणी ओतलं.